इलेक्ट्रिकल आणि इंजिनिअरिंग फिजिक्स एकत्र करायचं असेल तर

तू विचारलं आहेस की बारावीनंतर इलेक्ट्रिकल आणि इंजिनिअरिंग फिजिक्स अशी दुहेरी पदवी घ्यावी का, आणि पुण्यातच राहायचं झालं तर बीटेक करताना सोबत बीएस्सी फिजिक्स जमेल का. घरच्यांचा कल इलेक्ट्रिकलकडे आणि तुझा ओढा फिजिक्सकडे, हेही लिहिलं आहेस. मी पुण्यातच इलेक्ट्रिकल केलं, पुढे फिजिक्सकडे वळले आणि आता मोजमापाची उपकरणं तयार करण्याच्या कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे दोन विषय खरोखर कुठे भेटतात ते बघ. १ किलोओहमचा साधा रेझिस्टर घे. बॅटरी नाही, सिग्नल नाही, नुसता टेबलावर पडलेला. तरी त्याच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज सतत थरथरत असतं. खोलीच्या तापमानाला, १० किलोहर्ट्झ बँडविड्थमध्ये (म्हणजे इतक्या रुंदीच्या वारंवारतेच्या पट्ट्यात), ते साधारण ०.४ मायक्रोव्होल्ट भरतं. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत जॉन्सनने हे मोजलं आणि नायक्विस्टने त्याची उपपत्ती मांडली. दोघांचेही निबंध १९२८ मध्ये आले. नायक्विस्टची युक्ती मला आजही फार आवडते. दोन सारखे रेझिस्टर एका ट्रान्समिशन लाइनने जोडायचे, लाइनचा इम्पीडन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) त्यांच्याइतकाच ठेवायचा, म्हणजे मॅचिंग करायचं, आणि लाइनवर किती मोड, म्हणजे लहरींचे किती प्रकार, बसतात ते मोजून प्रत्येकाला केटी (बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान) इतकी ऊर्जा द्यायची. मॅचिंग इलेक्ट्रिकलचं, ऊर्जेची वाटणी स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्समधली, म्हणजे असंख्य कणांच्या सरासरी वागण्याच्या फिजिक्समधली. दोन्ही येत असेल तर सूत्र अर्ध्या पानात निघतं. एकच येत असेल तर ते पाठ करावं लागतं.

हे परीक्षेपुरतं नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. आकाशातून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की पहिल्याच अॅम्प्लिफायरचा नॉइज, म्हणजे अशीच नकोशी थरथर, किती, यावर बरंच काही ठरतं. क्वांटम संगणकाचा मूळ घटक असलेल्या सुपरकंडक्टिंग क्यूबिटचंही तेच. ते काही मिलिकेल्विनवर, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ ठेवतात, पण मायक्रोवेव्हची तार खोलीच्या तापमानातून खाली जाते, म्हणून त्या तारेवर टप्प्याटप्प्याने अॅटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारे भाग) लावून वरची उष्ण थरथर अडवावी लागते. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने सुमारे ६,००३ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेत क्वांटम तंत्रज्ञानाचं हब त्याआधीपासून आहे. अशा कामाला दोन्ही बाजू कळणारी माणसं लागतात.

सेमीकंडक्टर, फोटॉनिक्स, अँटेना, सेन्सर हा सगळा याच सामाईक पट्ट्यातला भाग. मात्र पट्टा अरुंद आहे. इलेक्ट्रिकलमधली मशिन्स, स्विचगिअर, पॉवर सिस्टिम प्रोटेक्शन यांना क्वांटम मेकॅनिक्सची गरज पडत नाही, आणि फिजिक्सच्या बऱ्याच पेपरांना तुझ्या ट्रान्सफॉर्मरशी देणंघेणं नसतं. म्हणून माझं स्पष्ट मत असं की काम याच पट्ट्यात करायचं असेल तरच दुहेरी पदवीला हात घाल. दोन्ही डगरींवर हात ठेवायचा म्हणून घेशील तर पाच वर्षं नुसती ओढाताण होईल.

आता वाटा. आपल्याकडे सगळ्यात सरळ रस्ता बिट्स या खासगी विद्यापीठाचा: एमएस्सी फिजिक्सला प्रवेश, पहिल्या वर्षाच्या सीजीपीएवर (सरासरी गुणांवर) बीईची शाखा, एकूण पाच वर्षं. इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स मिळेलच याची हमी नसते आणि फीचा आकडा घरी आधीच दाखव. जेईई अॅडव्हान्स्डमध्ये चांगला रँक आला तर मुंबई, दिल्ली, मद्रास इथल्या आयआयटींत इंजिनिअरिंग फिजिक्सचं बीटेक आहे. अमेरिकेचा विचार असेल तर डबल मेजर आणि ड्युअल डिग्री यांत गल्लत करू नकोस. डबल मेजरमध्ये पदवी एकच मिळते. ड्युअल डिग्रीला वेगळी पदवी आणि त्यासाठी बरेच जादा क्रेडिट लागतात.

पुण्यात सीओईपी या इंजिनिअरिंग संस्थेत इलेक्ट्रिकल आहे, आयसरला फिजिक्स आहे, पण संस्था वेगळ्या, प्रवेशपरीक्षा वेगळ्या आणि दोन्ही पूर्णवेळ. एकाच वेळी दोन पदव्या घ्यायला यूजीसीने एप्रिल २०२२ मध्ये परवानगी दिली हे खरं. अट अशी की प्रत्यक्ष वर्गांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. इंजिनिअरिंगची प्रॅक्टिकल्स दुपारभर चालतात, बीएस्सीचीही प्रॅक्टिकल्स असतात, आणि सबमिशनचा आठवडा दोन्हीकडे एकदमच येतो. इग्नूसारख्या दूरशिक्षणाच्या बीएस्सीत रोजच्या तासांचा प्रश्न सुटतो, पण प्रयोगांसाठी केंद्रावर जावंच लागतं. कागदावर जमतं म्हणून यात पडू नकोस.

तुझ्या जागी मी असते तर बीटेक इलेक्ट्रिकल किंवा ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) घेतलं असतं आणि फिजिक्स आतून वाढवलं असतं. नव्या धोरणानुसार बीटेकमध्ये मल्टिडिसिप्लिनरी मायनर, म्हणजे दुसऱ्या शाखेतल्या विषयांचा छोटा गट, असतं. त्यात फिजिक्सचा गट आहे का, हे प्रवेशाआधी कॉलेजात विचार. क्वांटम, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स आणि सॉलिड स्टेट हे तीन विषय एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांवर) नीट कर, गणितं हाताने सोडव. पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्था शेजारी शेजारी आहेत. तिथली खुली व्याख्यानं ऐकायला जात जा, पहिल्या वर्षी निम्मं डोक्यावरून गेलं तरी.

ही वाट तुला फिजिक्सपासून तोडत नाही. फिजिक्सच्या पीएचडीसाठीची जेस्ट आणि टीआयएफआर या संशोधन संस्थेची प्रवेशपरीक्षा बीटेकवाल्यांनाही देता येते, आणि पीएचडीच्या मुलाखतीत पदवीच्या नावापेक्षा मूलभूत गोष्टी किती पक्क्या आहेत हे खोदून विचारतात. उलट बाजूने मात्र दार अरुंद आहे: सरकारी कंपन्यांच्या भरतीत शाखांची यादी छापलेली असते, तिथे इलेक्ट्रिकल असतं, इंजिनिअरिंग फिजिक्स बहुतेक वेळा नसतं. घरच्यांची काळजी इथून येते आणि ती रास्त आहे. आईबाबांशी बोलताना हा मुद्दा तूच आधी काढ.

सीईटीचा स्कोअर आणि जेईईचा रँक लिहिलास तर कॅपच्या (केंद्रीय प्रवेश फेऱ्यांच्या) पसंतीक्रमाबद्दल नेमकं सांगता येईल.