गिरण्यांच्या शहरातले आरोग्य : मँचेस्टरविषयी वाचकांचे प्रश्न

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधील कापडगिरण्यांच्या शहरांत सामान्य माणूस कसा जगत होता, याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी चार येथे घेतले आहेत.

प्रश्न : मँचेस्टरच्या मजुराचे सरासरी मृत्यूवय १८४२ मध्ये १७ वर्षे होते, असे वाचले. मजूर खरोखरच विशीच्या आत मरत होते का?

आकडा खरा आहे. मात्र तो जपून वाचावा लागतो. सार्वजनिक आरोग्याचे सुधारक एडविन चॅडविक यांच्या श्रमिकांच्या आरोग्यावरील अहवालातली ही सरासरी श्रमिक कुटुंबांतील सर्व मृतांची आहे आणि तिच्यात तान्ही मुलेही धरलेली आहेत. त्याच अहवालात मँचेस्टरच्या श्रमिकांच्या दर शंभर मुलांपैकी ५७ हून अधिक मुले पाच वर्षांची होण्याआधीच दगावतात, अशी नोंद आहे. बालपणातून जो वाचला, तो पुढे चाळिशी-पन्नाशी गाठू शकत असे. शिवाय झपाट्याने वाढणाऱ्या शहरात मुलांचे आणि तरुणांचे प्रमाण जास्त असल्याने अशी सरासरी आणखी खाली येते. एवढे सगळे वजा केले तरी एक तफावत उरतेच. त्याच शहरातल्या प्रतिष्ठित वर्गाची सरासरी ३८ वर्षे होती, आणि रटलंड या ग्रामीण परगण्यातल्या साध्या मजुराचीही ३८ वर्षेच. शहरातल्या सुखवस्तू माणसालाही खेड्यातल्या मजुरापेक्षा जास्त आयुष्य मिळत नव्हते, ही गोष्ट मला १७ या आकड्याहून अधिक बोलकी वाटते.

प्रश्न : एवढ्या दाट वस्तीतला मैला जात कुठे होता?

बहुतेक वेळा कुठेच जात नव्हता. डॉ. जेम्स फिलिप्स के यांनी १८३२ मध्ये, पटकीच्या साथीच्या वर्षी, पार्लमेंट स्ट्रीट या गल्लीत ३८० रहिवाशांसाठी एकच संडास असल्याचे लिहून ठेवले आहे. संडासाखाली उघडा खड्डा असे, त्यात मैला आणि चुलीची राख एकत्र साचत जाई, आणि खड्डा उपसण्याची पाळी येईपर्यंत त्याचा पाझर फरशीखालून शेजारच्या भिंतीत उतरत असे. १८७० नंतरच्या दशकात नगरपालिकेने या खड्ड्यांच्या जागी बादलीचे संडास आणले. आपल्याकडच्या टोपली संडासांशी त्यांचे साम्य उघड आहे : बैठकीखाली बादली, वरून चाळलेल्या राखेचा थर, आणि ठरावीक दिवशी भरलेली बादली नेऊन रिकामी ठेवणारी गाडी. या मैल्याचे सोनखत करून विकायचे, असा हिशेब होता. परंतु शहराचा मैला इतका होता की तो जिरवण्यासाठी नगरपालिकेने १८८६ मध्ये कॅरिंग्टन मॉस ही दलदलीची जमीनच विकत घेतली. पाण्याचे संडास घरोघरी द्यायचे तर पाणी पुरणार नाही, ही भीतीही खरी होती. शहराला पाणी देण्यासाठी लाँगडेंडेल खोऱ्यातल्या तलावांचे काम १८४८ मध्ये सुरू झाले होते, तरी शहराची तहान वाढतच गेली आणि १८९४ मध्ये थर्लमिअर सरोवराचे पाणी सुमारे दीडशे किलोमीटरवरून आणावे लागले.

प्रश्न : गिरणीत जाणाऱ्या आयांच्या हयगयीमुळे मुले मरत, असे तेव्हाचे लोक म्हणत. त्यात तथ्य किती?

हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. आई कामावर गेली की बाळ शेजारणीकडे राही, आणि ते शांत राहावे म्हणून त्याला गॉडफ्रेज कॉर्डिअल हे काकवीत अफू घातलेले औषध पाजले जाई, हे खरे आहे. मुंबईच्या गिरणगावातल्या आयाही पुढे याच अडचणीपोटी बाळगोळी देत. पण उन्हाळ्यात अर्भकांचा सर्वात मोठा बळी घेणारा रोग होता जुलाब. त्याचे मूळ संडासावरच्या माश्या, नासके दूध आणि लांब रबरी नळीची दुधाची बाटली यांत होते. ती नळी आतून घासून साफ करणे कोणत्याही आईला शक्य नव्हते. म्हणूनच शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या माणसांचे मृत्यू कमी होत गेले, तरी इंग्लंड-वेल्समध्ये दर हजार जन्मांमागे सुमारे १५० अर्भके १९०० पर्यंत मरतच राहिली.

प्रश्न : अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा आला. त्या वेळी लँकशायरच्या, म्हणजे मँचेस्टर ज्यात होते त्या परगण्यातल्या, कामगारांचे काय झाले?

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेचा कापूस येईनासा झाला, गिरण्या बंद पडल्या आणि कातणारे, विणकर धर्मादाय मदतीवर आले. मुंबईचे व्यापारी ज्या टंचाईवर श्रीमंत झाले, ती हीच. १८६३ मध्ये संसदेने खास कायदा करून तिथल्या नगरपालिकांना सार्वजनिक कामांसाठी स्वस्त कर्ज दिले, आणि रॉबर्ट रॉलिन्सन या अभियंत्याच्या देखरेखीखाली बेकार गिरणीकामगार गटारे खोदू लागले, रस्ते बांधू लागले. ज्या करदात्यांनी पट्टी वाढेल म्हणून ही कामे वर्षानुवर्षे अडवून धरली होती, त्यांच्याच गावांत ती या संकटामुळे उभी राहिली.