ऊसतोडीला आई-बापासोबत गेलेलं 12 वर्षांचं पोर उसाच्या फडात मोळ्या बांधतं, ही बालमजुरी होते का?

होते. 'घरच्यांना हातभार लावतंय' ही मुकादमाची (मजूर आणणाऱ्या ठेकेदाराची) सबब टिकत नाही. 1986 च्या बालमजुरीविरोधी कायद्यात 2016 ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून 14 वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच कामावर ठेवता येत नाही. कौटुंबिक कामाची सूट आहे, पण 2017 च्या नियमांप्रमाणे ते काम घरच्यांच्या ताब्यातलं हवं, त्यातून कमाई नको, शाळेच्या वेळेत नको आणि दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त नको. इथं फडही बापाचा नाही आणि कारखानाही नाही. तिथं उचल (आधीच घेतलेले पैसे) फेडायला टनावर मजुरी चालते.

कामावर ठेवणाऱ्याला 6 महिने ते 2 वर्षं कैद, किंवा 20 ते 50 हजार दंड, किंवा दोन्ही. आई-बापाला पहिल्या वेळी शिक्षा नाही, हे बरंच आहे म्हणा.

तक्रार मुलांसाठीच्या 1098 या हेल्पलाइनवर करा, फोन फुकट लागतो. पण नुसती धाड घालून भागत नाही, पोरगं गावात ठेवायचं कुणापाशी? बीडकडं त्यासाठी हंगामी वसतिगृहं चालतात. तेव्हा दिवाळीच्या आसपास ऊसतोड्यांच्या टोळ्या निघायच्या आधीच वसतिगृहासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांना गाठा. गाडी हलली की उशीर झाला.