वाचक विचारतात: कवितेचे खेळ आणि त्यांचं मराठी व्याकरण

प्रश्न: आमच्या लेखन मंडळात बारा जण आहेत. ‘कविता लिहा’ म्हटलं की अर्धे पेन चावत बसतात आणि उरलेले पाऊस किंवा एकटेपणावर चार यमकं जुळवून मोकळे होतात. सुरुवातीला कोणता खेळ घ्यावा?

घडीची कविता. सहा-सहाचे दोन गट करा आणि प्रत्येकाच्या हातात एक कागद द्या, म्हणजे गटातले सहाही कागद एकदम फिरतील. एकच कागद फिरवला तर पाच जण नुसते बसून राहतात आणि खेळ तिसऱ्या माणसापाशीच मरतो. पहिल्यानं एक पूर्ण ओळ लिहायची, शिवाय पुढच्या ओळीचे दोन-तीन शब्द. मग कागद असा दुमडायचा की शेजाऱ्याला फक्त ती अर्धी ओळ दिसावी. शेजारी ती पुरी करतो, स्वतःची अर्धी ओळ सोडतो, पुन्हा घडी. दर फेरीला दीड मिनिट पुरे. जास्त वेळ दिला की लोक विचार करू लागतात, आणि इथे तोच नको आहे.

अर्धी ओळ कुठे सोडायची, यावर सगळी गंमत आहे. ‘आकाश निळं’ असं सोडलं तर पुढचा ‘आहे’ लिहून सुटतो. ‘दिव्याच्या’, ‘जिथे कोणी’, ‘म्हणून तिनं’ असं सोडलं की त्याला काहीतरी शोधावंच लागतं. षष्ठीचा प्रत्यय लावून थांबणं सगळ्यात उत्तम. दुसरं, सुरू करण्याआधी पुरुष आणि काळ ठरवून टाका. नाहीतर ‘मी गेले’ला ‘तो म्हणतो’ चिकटतं आणि घडी उलगडल्यावर नुसता गोंधळ हाती येतो.

उलगडून हसलं की बहुतेक मंडळं तिथेच थांबतात. थांबू नका. प्रत्येकानं आपल्यापाशी परतलेला कागद घेऊन दहा मिनिटांत एक तृतीयांश शब्द खोडायचे. ओळींचा क्रम बदलायला मुभा, नवा शब्द घालायला बंदी. लिहायला घाबरणारी माणसंसुद्धा खोडायला घाबरत नाहीत.

प्रश्न: याच खेळाचा शब्दाशब्दाचा प्रकार आम्ही करून पाहिला. ‘लाल मुलगी निळा पितो’ असलं काहीतरी निघालं. आमचं काय चुकलं?

तुमचं काही चुकलं नाही. खेळ फ्रेंच आहे. 1925च्या सुमारास पॅरिसमधले अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्न आणि योगायोग यांना तर्काच्या वर मानणारे कवी-चित्रकार, तो खेळत आणि त्यांच्या भाषेत क्रियापद मधे येतं. आपल्याकडे घड्यांचा क्रम असा ठेवा: विशेषण, नाम, विशेषण, ‘ला’ लावलेलं नाम, क्रियापद. कर्ता पुल्लिंगी एकवचनी, क्रियापद ‘-तो’चं, हे आधीच जाहीर करा. आणि विशेषणं फक्त न बदलणारी घ्या: मूक, गरम, कठीण, लाल, जड, ओलसर. ‘निळा’, ‘मोठा’, ‘रिकामा’ ही आकारान्त मंडळी लिंगाप्रमाणे रूप बदलतात, म्हणून त्यांना बाहेर बसवायचं. मग ‘मूक जिना गरम खिडकीला शिकवतो’ असं वाक्य निघतं. अर्थ विचित्र आणि व्याकरण शुद्ध, तेव्हाच विचित्रपणा चमकतो. दोन्ही बिघडले तर वाचणाऱ्याला फक्त चूक दिसते.

प्रश्न: छापील मजकुराची कात्रणं पिशवीत घालून चिठ्ठ्या काढल्या. नुसती शब्दांची भेळ झाली.

एकेक शब्द सुटा कापला असणार. मराठी शब्दाला विभक्ती चिकटलेली असते. ‘झाडाने’ ही चिठ्ठी हातात आली की ती आपलं क्रियापद मागत बसते. दोन ते चार शब्दांचे तुकडे कापा (‘झाडाने धरून ठेवलेली’, ‘उघड्या दारातून’). माणशी पंचवीस तुकडे, त्यात सहा-सात फक्त क्रियापदं, आणि पाच कोऱ्या चिठ्ठ्या, ज्यांवर ‘पण’, ‘तरी’, ‘म्हणून’ असं काही लिहिता येईल. वीस काढायच्या, बारा वापरायच्या, आठ टाकून द्यायच्या. कलेचे नियम झुगारणाऱ्या ‘दादा’ चळवळीतला कवी त्रिस्तान झारा यानं 1920 साली पिशवीतून येतील त्याच क्रमानं उतरवायला सांगितलं होतं; पण त्याला कविता या प्रकाराचीच खोडी काढायची होती. तुम्हाला लिहायचं असेल तर निवड करा.

मथळे कापू नका, त्यांत क्रियापदं फार कमी असतात. हवामानाचा अंदाज, यंत्राची माहितीपुस्तिका, शिवणकामाच्या सूचना यांत ती भरपूर सापडतात.

प्रश्न: हायकूत जोडाक्षर एक धरायचं की दोन?

एक. ‘पुस्तक’ तीन अक्षरं. ‘घर’ बोलताना एकाच झटक्यात येतं, तरी आपल्या छंदाच्या हिशेबात ते दोन. ‘बंद खिडकी / काचेवर सरके / मुंग्यांची रांग’ हे पाच-सात-पाच झालं. जपानी मोजणीचा एकक आपल्या अक्षरापेक्षा लहान असतो, त्यामुळे सतराच्या आकड्यावरून भांडण्यात अर्थ नाही. तिसऱ्या ओळीत काहीतरी वळतं का, ते बघा.

प्रश्न: सगळ्यांच्या ओळी ‘आहे’, ‘असते’, ‘होते’वरच संपतात. यमक जुळल्यासारखं वाटतं, पण कंटाळा येतो.

कारण ते यमक नाहीच, नुसती पुनरावृत्ती आहे. गझल लिहिणारे हा फरक काटेकोर पाळतात: ओळीच्या शेवटी तसाच्या तसा परत येतो तो रदीफ, आणि त्याच्या आधी जुळायला हवा तो काफिया. ‘वाट आहे, लाट आहे, दाट आहे’ यात ‘आहे’ चालतं, कारण खरं काम ‘-ाट’ करतं. तेव्हा पहिला नियम असा: ‘आहे’च्या मागचा शब्द जुळत असेल तरच ‘आहे’ लिहायला परवानगी.

याहून मजेदार खेळ म्हणजे अक्षरबंदी. जोड्या करा. एक लिहितो, दुसरा लाल पेन घेऊन पहारा देतो. आठ ओळी, बारा मिनिटं. पहिल्या दिवशी ‘ल’ बंद. लगेच ‘गेला, आला, केलं’ हा सगळा भूतकाळ हातातून जातो, ‘येईल, जाईल’ जातं, ‘ला’ प्रत्ययही जातो. ‘होता’ मात्र वाचतो आणि ‘करीन’ही. दुसऱ्या दिवशी ‘त’ बंद: ‘करतो, जाते’ बाद, ‘होता’ बाद, ‘घरात’सुद्धा बाद, ‘घरी’ शोधावं लागतं. ‘मी दार उघडलं, वारा आत आला’ हे वाक्य ‘ल’ नसेल तर ‘मी दार उघडतो, वारा आत येतो’ होतं. ‘त’ नसेल तर ‘मी दार उघडलं, वारा घरभर शिरला’. दोन्ही बंद केले तर उरतं: ‘दार उघडावे. घरभर वारा. विझू पाहणारा दिवा.’ हकिकत सांगणारं वाक्य आपोआप इच्छेकडे सरकलं. ते कोणी ठरवून केलेलं नाही, हकिकतीचे काळच संपले म्हणून झालं.

नवख्यांना दोन्ही अक्षरं एकदम बंद करू नका, ओळ तीन शब्दांवर अडते. आणि ‘ळ’ म्हणजे ‘ल’ नव्हे, हे पहारेकऱ्याला आधी सांगा. वाद तिथेच होतो.

प्रश्न: शब्दकोशातलं सातवं नाम घालण्याचा खेळ मराठीत जमतो का?

जमतो, थोडी डागडुजी करून. 1960 साली फ्रान्समध्ये सुरू झालेल्या उलिपो या गटाची ही युक्ती: मजकुरातलं प्रत्येक नाम काढायचं आणि कोशात त्याच्यानंतर येणारं सातवं नाम तिथे बसवायचं. मराठीत त्याच लिंगाची नामं मोजा (कोशात पु., स्त्री., न. दिलेलं असतं), म्हणजे विशेषण आणि क्रियापद हलत नाही. सामान्यरूप मात्र नव्यानं करावं लागेल. कोश छोटा घ्या. मोठ्या कोशात सातवा शब्द बऱ्याचदा त्याच मुळातला निघतो आणि काहीच बदलल्यासारखं वाटत नाही.

प्रश्न: वृत्ताची भीती घालवणारा एखादा खेळ सांगाल का?

गणांपासून सुरुवात करू नका. मोठा अभंग घ्या: सहा, सहा, सहा, चार अक्षरं; दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. चार जण, प्रत्येकी एक चरण, दोन मिनिटं. उदाहरणार्थ:

रिकाम्या पानाला
फुटले हे पाय
शोधायचे काय
कुठे आता

अडचण बहुधा एकच येते: सहावं अक्षर शब्दाच्या मधे पडतं. बोटांवर मोजण्यापेक्षा सहा चौकोन आखून एकेका चौकोनात एकेक अक्षर लिहायला लावा, चूक लिहिणाऱ्यालाच दिसते. चौथा चरण लिहिणारा माणूस दर फेरीला बदला. चार अक्षरांत संपवणं सगळ्यात अवघड असतं, आणि ते काम नेहमी मंडळातल्या हुशार माणसाकडेच सरकवलं जातं.

प्रश्न: वाचून दाखवायची वेळ आली की काही जण कागद लपवतात.

स्वतःचा कागद स्वतः वाचायचा नाही, असा नियम करा. कागद गोळा करून मिसळा आणि हाती येईल तो वाचा. नाव लिहिणं ऐच्छिक. ज्याला वाचून घ्यायचं नसेल त्यानं कोपऱ्यात फुली मारावी. त्याला कारण विचारू नये.