वॅट चांगले आहेत, पण शर्यती कुठे आहेत?

प्रश्न: माझी मुलगी १६ वर्षांची आहे. दोन वर्षांपासून घरी ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवण्याच्या स्टँडवर) आणि सुट्टीच्या दिवशी रस्त्यावर एकटीच सायकल चालवते. वजन ५५ किलो, एफटीपी (साधारण तासभर टिकवता येईल असा जास्तीत जास्त जोर) २१५ वॅट. किलोमागचे वॅट वाढावेत म्हणून तिने चार महिन्यांत चार किलो वजन उतरवलं आहे. शिक्षण थांबवून व्यावसायिक रोड रेसर व्हायचं म्हणते. आम्ही होकार द्यावा का?

उत्तर: रेसिंगला होकार द्या. शिक्षण थांबवायला नाही. आणि वजन उतरवणं आजच बंद करा, कारण तुमच्या पत्रातली खरी काळजीची गोष्ट तीच आहे.

वाढीच्या वयात व्यायामाच्या मानाने खाणं कमी पडलं, की शरीर आधी संप्रेरकांवर आणि हाडांवर काटछाट करतं. पाळी अनियमित होणं किंवा थांबणं ही पहिली स्पष्ट खूण. ‘खेळाडूंचं असंच असतं’ म्हणून ती सोडून देऊ नका. सायकलिंगमध्ये हाडांवर शरीराचा भार पडत नाही, त्यामुळे सायकलपटूंची हाडं एरवीही ठिसूळ राहण्याचा धोका असतो, आणि या खेळात पडणं तर ठरलेलंच. कॉलरबोन सगळ्यात जास्त मोडतं. क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांना दाखवा. पाळीची माहिती, रक्तातलं फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं) आणि ड जीवनसत्त्व एवढ्यापासून सुरुवात होईल. आठवड्यातून दोनदा वजनांचा व्यायाम हवा. दीड तासापेक्षा लांब राइडमध्ये तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेलीच पाहिजेत. व्यावसायिक रेसर शर्यतीत ९० ग्रॅम आणि त्याहूनही जास्त घेतात. त्यासाठी आतड्यांनाही महिनोन्महिने सवय लावावी लागते.

आता वॅट. २१५ म्हणजे किलोमागे ३.९. या वयाला आकडा चांगलाच आहे, पण तो ट्रेनरवरचा आहे. तिथे २० मिनिटं एकसारखा जोर लावायचा असतो. शर्यतीत जोर तुटक असतो. घोळक्यात दुसऱ्याच्या चाकामागे राहिलं की साधारण ३० टक्के श्रम वाचतात. पण घोळक्याच्या शेपटाला असलं की हाच फायदा उलटतो. वळणावर पुढचे थोडेसे हळू होतात, त्यांच्या मागचे जास्त, शेवटचे जवळजवळ थांबतात. मग गेलेलं अंतर भरायला शेवटच्यांना प्रत्येक वळणानंतर स्प्रिंट मारावी लागते. त्यामुळे एफटीपी कमी असलेली पण पहिल्या वीसात टिकून राहणारी मुलगी शेवटच्या चढापर्यंत ताजी पोहोचते आणि तुमची मुलगी, जास्त वॅट असूनही, आधीच गळालेली असते. हे कसब फक्त घोळक्यातच येतं. ट्रेनरवर ते शिकवता येत नाही.

म्हणून पुढची दोन वर्षं अशी लावा. राष्ट्रीय महासंघाचं रेसिंग लायसन्स काढा आणि ग्रुप राइड करणारा क्लब शोधा. हंगामात पंधरा-वीस शर्यती, सुरुवातीला छोट्या सर्किटच्या (त्याच मार्गावर फेऱ्या मारायच्या), कारण तिथे वळणं भरपूर मिळतात. चाकाला चाक घासलं तरी न दचकणं, उतारावर हँडलचा खालचा भाग धरून ब्रेक मारणं, एका हाताने खाणं, चालत्या सायकलवर बाटली घेणं, या चार गोष्टींचा सराव आधी गवतावर किंवा रिकाम्या मैदानात. आठवड्याला १० ते १२ तास पुरे, त्यात एक दिवस पूर्ण विश्रांती. व्यावसायिकांचे २०-२५ तास बघून नक्कल करू नका. सायकलवर उधळपट्टीही नको, ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल यूसीआयच्या (आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या) नियमांत बसतच नाही. पैसे फिटिंग (सायकल शरीराच्या मापाला जुळवणं), टायर आणि वॅट मोजणाऱ्या पॉवर मीटरवर घाला.

ज्युनिअर गट १७ आणि १८ वर्षांचा. वय जन्मवर्षावरून मोजतात. मुलींसाठी पुढची उडी मोठी आहे. मुलांना १९ ते २२ या वयात स्वतःच्या गटाच्या भरपूर शर्यती मिळतात, मुलींना बहुतेक वेळा थेट एलिटमध्ये, म्हणजे सर्वोच्च खुल्या गटात, उतरावं लागतं. ६०-८० किलोमीटरवरून एकदम १२०-१६०. तिथे प्रश्न बदलतो: ताज्या पायांनी किती वॅट यापेक्षा तीन तासांनंतर पाच मिनिटं किती वॅट. संघांचे स्पोर्ट डायरेक्टर (शर्यतीचे डावपेच ठरवणारे व्यवस्थापक) आधी निकाल बघतात, मग पॉवरची फाइल. १८ पूर्ण होईपर्यंत राष्ट्रीय ज्युनिअर शर्यतीत पहिल्या दहांत नियमित येत नसेल, तर परदेशी संघांना पत्रं पाठवण्यात अर्थ नाही. येत असेल, तर बेल्जियमच्या स्थानिक केरमेस शर्यतींत (गावातल्या छोट्या मार्गावर फेऱ्या मारण्याच्या) एक उन्हाळा घालवावा. व्हिसाची मुदत मात्र आधी तपासा. शेंगेन देशांत साधारण १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं आणि अनेकांचा हंगाम तिथेच तुटतो.

शिक्षणाचं म्हणाल तर आनेमिक फान फ्लॉइटेनने नेदरलँड्समध्ये पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केलं, फुटबॉलमधल्या गुडघ्याच्या दुखापतीनंतर सायकलिंगकडे वळली आणि २०२२ मध्ये, ३९व्या वर्षी, इटली, फ्रान्स आणि स्पेनच्या मोठ्या स्टेज शर्यती (अनेक दिवस टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या) एकाच मोसमात जिंकल्या. २०२१च्या टोकियो ऑलिम्पिकची रोड रेस जिंकणारी ऑस्ट्रियाची आना कीझेनहोफर गणितात पीएचडी आहे. अशी माणसं विरळाच, पण अभ्यासाने पाय मंदावत नाहीत एवढं त्यावरून मुलीला सांगता येईल. फक्त ठरावीक वेळी हजेरी न मागणारा अभ्यासक्रम निवडा.

औषधांबाबत आत्तापासून शिस्त हवी. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. शर्यतीच्या काळात लघवीत त्याचं प्रमाण मर्यादेबाहेर गेलं तर ती डोपिंगची केस होते आणि ‘माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही.

पुढे करार समोर आला तर संघाचा दर्जा आधी बघा. महिलांच्या वर्ल्डटीम (सर्वोच्च दर्जाच्या) संघांना २०२०पासून किमान पगार बंधनकारक आहे. तळाच्या कॉन्टिनेंटल संघांना यूसीआयचं तसं बंधन नाही, आणि तिथे बिनपगारी करार सर्रास असतात. असा करार वाईटच असं नाही, चांगल्या शर्यती मिळत असतील तर एक-दोन वर्षं चालेल. पण प्रवास कोणाच्या खर्चाने, अपघाताचा विमा कोणाचा, हंगामाच्या शेवटी सायकल परत करायची का आणि किमान किती शर्यतींत उतरवणार, हे चार मुद्दे लेखी घेतल्याशिवाय सही करू नका.