बोर्ड आऊट होताना सहीआधी वाचायचे कागद

प्रश्न : माझे मिस्टर नऊ वर्षे फौजेत आहेत. काश्मीरच्या पोस्टिंगनंतर त्यांची झोप उडाली, संशय वाढला. सध्या लष्करी रुग्णालयात मनोविकार वॉर्डात आहेत. ओळखीचे लोक म्हणतात, ‘घरच्या अडचणीचा अर्ज द्या, लवकर सुटाल.’ द्यावा का?
– एक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, हा अर्ज देऊ नका. स्वतःच्या विनंतीवरून नोकरी सोडली आणि १५ वर्षे भरलेली नसली, तर सर्व्हिस पेन्शन मिळत नाही. शिवाय आजारामुळे नोकरी गेली, हे पुढे सिद्ध करणे फार जड जाते. डिस्चार्ज बुकात कारण काय लिहिले जाते, यावर पुढचे सगळे ठरते. आजारी जवानाने बाहेर पडण्याचा योग्य रस्ता म्हणजे इन्व्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड, म्हणजे जवान सेवेस अयोग्य आहे का हे ठरवणारे डॉक्टरांचे मंडळ. त्याने आजारामुळे नोकरीतून मोकळे केले की त्यालाच ‘बोर्ड आऊट’ किंवा ‘इन्व्हॅलिड’ म्हणतात.

तिथपर्यंत जायला वेळ लागतो आणि तो लागू द्यावा. जवानाची प्रकृती नोंदवण्याच्या लष्कराच्या ‘शेप’ वर्गवारीतले ‘एस’ हे अक्षर मानसिक प्रकृतीचे. सीओ साहेब, म्हणजे युनिटचे प्रमुख अधिकारी, एएफएमएसएफ-१० या फॉर्मवर जवानाच्या वागणुकीचा अहवाल देतात, मनोविकारतज्ज्ञ तपासतात आणि तात्पुरती लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे प्रकृतीची खालची श्रेणी, लागते. ती एका वेळी जास्तीत जास्त २४ आठवड्यांची असते, मग रिकॅट, म्हणजे पुन्हा तपासून श्रेणी ठरवणे. या काळात हत्यार हाती दिले जात नाही. ती शिक्षा नव्हे, त्यांच्याच सुरक्षेसाठी आहे. तब्येत सुधारली तर कॅटेगरी वर जाते. कायमच्या लो मेडिकलमध्ये राहून नोकरी पूर्ण करणारेही आहेत. एस-५ म्हणजे सेवेस अयोग्य, आणि बोर्ड आऊट करतात ते या टप्प्यावर.

बोर्डाचा कागद म्हणजे एएफएमएसएफ-१६. त्यात जवानाचे स्वतःचे निवेदन असते, आणि सर्वाधिक नुकसान इथेच होते. कुठे, कधीपासून कधीपर्यंत होतो, हे तक्त्यात भरायचे असते आणि प्रत्येक ठिकाणासमोर पीस (शांत ठिकाण) की फील्ड (मोहिमेचे ठिकाण) याची नोंद करायची असते. गोळ्यांच्या गुंगीत भरलेल्या तक्त्यात दहशतवादविरोधी मोहिमेची किंवा अतिउंचावरची पोस्टिंग राहून जाते. ती राहिली तर आजार शांत ठिकाणी सुरू झाला, असे लिहायला बोर्ड मोकळे. म्हणून पोस्टिंगच्या तारखा तुम्ही घरी एका कागदावर लिहून ठेवा आणि भेटीला जाताना सोबत न्या.

भरतीपूर्वी असा त्रास होता का, घरात कुणाला आहे का, असेही विचारतात. खरे तेच सांगावे, पण अंदाज बांधू नये. ‘चुलते जरा तापट होते’ एवढ्या वाक्यावरून आजार आनुवंशिक ठरवला जाऊ शकतो. सीओंच्या भागातही आजार सेवेशी निगडित आहे का, यावर मत असते. ते वाचल्याशिवाय सही करू नये, आणि सहीनंतर पूर्ण प्रत मागून घ्यावी.

पैशांचा हिशेब असा. आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे बळावला, असे मान्य झाले तर डिसॅबिलिटी पेन्शनचे दोन भाग मिळतात. समजा, मूळ वेतन आणि मिलिटरी सर्व्हिस पे मिळून शेवटचे वेतन ४०,००० रुपये आहे. सर्व्हिस एलिमेंट त्याच्या निम्मे, म्हणजे २०,०००. इन्व्हॅलिड झालेल्याला त्यासाठी किमान सेवेची अट नाही. डिसॅबिलिटी एलिमेंट १०० टक्के अपंगत्वाला वेतनाच्या ३० टक्के असतो. बोर्डाने ४० टक्के लिहिले तर ते ५० धरतात, म्हणून ६,००० रुपये. एकूण २६,००० आणि त्यावर महागाई भत्ता. आजाराचा सेवेशी संबंध नाकारला आणि सेवा दहा वर्षांहून कमी असली, तर पूर्वी फक्त ग्रॅच्युइटी मिळे. ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा नंतर सेवेत असलेल्यांना आता इन्व्हॅलिड पेन्शन मिळू शकते, मात्र जवान नागरी नोकरीसही कायमचा अयोग्य ठरलेला हवा. आर्मी ग्रुप इन्शुरन्सचा, म्हणजे लष्कराच्या सामूहिक विम्याचा, अपंगत्वाचा दावा वेगळा भरायचा असतो, तो विसरू नका.

प्रश्न : भावाला स्किझोफ्रेनियामुळे बोर्ड आऊट केले. कागदावर ‘सेवेशी संबंध नाही, प्रकृतिजन्य’ एवढेच आहे. पेन्शनचा दावा फेटाळला. आता काय?

उत्तर : ‘प्रकृतिजन्य’, म्हणजे आजार मुळातच अंगात होता, हा शेरा झाला, कारण नव्हे. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे मानावे आणि संबंध नाकारायचा तर बोर्डाने कारणे द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सांगितले. त्याच वर्षी वीरपाल सिंग प्रकरण आले, ते तुमच्या भावासारखे स्किझोफ्रेनियाचेच. त्यात न्यायालयाने फेरतपासणीचा आदेश दिला. मात्र २१ सप्टेंबर २०२३ नंतर बाहेर पडलेल्यांना नवे नियम लागू आहेत, त्यामुळे जुना निकाल नुसता जोडून भागत नाही. वकिलाला डिस्चार्जची तारीख सर्वांत आधी सांगा.

नकाराच्या पत्रापासून सहा महिन्यांत पहिले अपील, तेही फेटाळले तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरे, आणि मग सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ. एएफएमएसएफ-१६ ची प्रत नसेल तर रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकारात मागा, त्याशिवाय अपील लिहू नका. उशीर झाला असला तरी हातपाय गाळू नका. पेन्शनचा हक्क दर महिन्याचा असल्याने उशीर माफ होऊ शकतो. थकबाकी मात्र साधारणपणे अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच मिळते, त्यामुळे आणखी थांबण्यात तोटाच आहे. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करते, तिथे फी नाही.

निदान ‘दारूचे व्यसन’ असे असेल तर ही वाट बरीच अवघड आहे. व्यसनाआधी नैराश्य किंवा भीतीचे उपचार झाले असतील, तर ते जुने केसपेपर शोधा.

प्रश्न : मुलगा पुढच्या महिन्यात घरी येतोय. गोळ्यांचे काय करायचे?

उत्तर : रुग्णालय सोडताना डिस्चार्ज समरी मागा. तिच्यावर औषधांची मूळ नावे, मात्रा आणि पुढील तपासणीची तारीख हवी. ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, कार्ड हाती पडायला वेळ लागू शकतो, म्हणून किमान महिन्याच्या गोळ्या बरोबर घ्या आणि गावाजवळच्या मनोविकारतज्ज्ञाची वेळ आधीच ठरवा. ‘आता बरा दिसतो’ म्हणून घरच्यांनी गोळ्या बंद केल्या की आजार उलटण्याचा धोका फार वाढतो. गणवेश, रोजची हजेरी, सोबती एकदम सुटतात, त्यामुळे पहिले काही महिने जोखमीचे. घरात परवान्याचे हत्यार असेल तर ते दुसरीकडे हलवा, कीटकनाशक कुलपात ठेवा. तो जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलला तर ते मनावर घ्या, त्याला एकटे सोडू नका आणि थेट रुग्णालयात न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येते.