बँकेत रुजू होणाऱ्या अंध मित्राला

अभिनंदन रे! सरकारी बँकेत सव्वीस वर्षं काढलीत, म्हणून हक्काने सांगतो. पहिल्याच आठवड्यात संगणकावर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, मागून घे. त्यातलं एनव्हीडीए तर फुकट मिळतं. तोंडी नको, अर्ज दे आणि पोच घे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाजवी सोयी देणं सरकारी आस्थापनेला बंधनकारक आहे, उपकार नव्हे.

माझं पहिलं वर्ष टेलिफोनपाशी नुसतं बसण्यात गेलं, कारण मी मागितलंच नाही. मग शिपाईकाकांनी फायलींच्या कोपऱ्यांना खाचा पाडून दिल्या: एक खाच कर्ज, दोन खाचा ठेवी. त्या खाचांवर मी तीन मॅनेजरांचा काळ काढला!

आणि हो, डबा एकट्याने खाऊ नकोस. निम्मं ऑफिस तिथेच कळतं.