नाल्यातले बुडबुडे आणि बांधीतला युरिया

प्रश्न : बांधीचं (धानाच्या शेताचं) पाणी सोडलं की शेजारच्या नाल्यात शेवाळ माजतं, गाळातून बुडबुडे येतात. अशा नाल्यांतूनही तापमान वाढवणारे वायू निघतात म्हणे, खरं का? धान पिवळं पडलंय. कृषी केंद्रवाले एकरी आणखी एक बॅग युरिया टाका म्हणतात. टाकू का? (एक शेतकरी, ता. मौदा)

उत्तर : टाकू नका. वायूचं खरं आहे. गाळात शेवाळ, जलकुंभी, तणस (धानाचा पेंढा) हवेविना सडते आणि मिथेन तयार होतो. बुडबुडे मुख्यतः त्याचेच. दुसरा वायू दिसत नाही, तो नायट्रस ऑक्साइड. बांधीतून वाहून आलेल्या नत्रावर गाळातले जिवाणू काम करतात तेव्हा तो सुटतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट उष्णता धरतो. हे नत्र तुमच्याच पैशाचं. साचल्या पाण्यातल्या धानाला फेकलेल्या युरियातलं जेमतेम 30 ते 40 टक्के लागू पडतं.

आता पिवळेपणा. कालव्याचं पाणी आलं की बांधी तुडुंब भरायची आणि महिनाभर तशीच ठेवायची, हे मौदा-रामटेककडे नेहमी दिसतं. एक चूड (रोपांचा झुपका) उपटा. मुळं काळी आणि सडक्या अंड्याचा वास असेल तर मुळं हवेविना सडताहेत, तिथं युरिया काय करणार? पानांवर विटकरी ठिपके असतील तर जस्त कमी असू शकतं. दुकानदार चूड उपटून बघत नाही, बॅग विकतो. सोबत टॉनिकची बाटली गळ्यात मारली तर घेऊ नका, पक्कं बिल मागा. ‘पाऊस येतोय, आजच फेकून घ्या’ हा सल्ला तर सगळ्यात घातक. पावसाच्या तोंडावर युरिया नको. तुडुंब बांधीत नको. पिवळं दिसलं म्हणून नको.

आधी पाणी जागीच आटू द्या, धुरा (शेताचा बांध) फोडून नाल्यात सोडू नका. बारीक भेगा दिसल्या की पुन्हा भरा. फुलोऱ्यात मात्र ताण देऊ नका. पांढरी मुळं फुटल्यावर पानांच्या रंगाचा तक्ता (पानाचा हिरवेपणा जुळवून बघायची पट्टी) लावून गरज असेल तरच युरियाचा हप्ता द्या, आणि त्यानंतर आठवडाभर पाणी बाहेर जाऊ देऊ नका.

पुढच्या रोवणीला युरिया-डीएपी ब्रिकेट (दोन्ही खतं दाबून केलेल्या गोळ्या) वापराच. रोवणीच्याच दिवशी, चार चुडांच्या मधोमध एक, 7 ते 10 सेंमी खोल. हेक्टरी सुमारे 170 किलो. मजुरी वाढते, मान्य. पण खत चिखलात गाडलेलं राहतं, पाण्यासोबत जात नाही. ब्रिकेट दिल्यावर वरून पुन्हा युरिया फेकायला कोणी सांगितलं तर ऐकू नका.

माती परीक्षणासाठी कृषी सहायकाला भेटा. तलावाचा गाळ शेतात न्यायचा तर ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ची चौकशी ग्रामपंचायतीत करा. नाल्याच्या काठावर उकिरडा असेल तर पावसाळ्याआधी हलवा, आणि उरलेली तणस नाल्यात लोटू नका.